कार्यक्रमाच्या नावातून ‘पॅलेस्टाईन’ काढू नका : आमच्या मराठी मंडळाला खुले पत्र

माननीय अध्यक्ष, कार्यकारिणी सदस्य आणि सर्व सभासदांना सप्रेम नमस्कार.

पुढच्या महिन्यात इथे इंग्लंडमधल्या आपल्या शहरात पॅलेस्टिनी संगीत आणि नृत्याची एक संध्याकाळ आहे. तिकिटांतून आणि देणग्यांतून जे जमेल ते गाझातल्या वैद्यकीय मदतीला जाणार आहे. आयोजकांनी आपल्या मंडळाकडे फार काही मागितलं नव्हतं. सभासदांच्या व्हॉट्सअ‍ॅप गटावर एक निरोप, गणपतीत काढतो ती मोठी पातेली आणि जेवण वाढायला काही माणसं, एवढंच. कार्यकारिणीने त्यांना पाठवलेलं उत्तर त्यांनी मला दाखवलं. भाषा सभ्य आहे, पण म्हणणं असं की, एक तर तिकडे माणसं मरत असताना इथे नाचगाण्याचा कार्यक्रम शोभत नाही, त्यापेक्षा सरळ निधी गोळा करावा. आणि कार्यक्रम करायचाच असेल तर नावातून ‘पॅलेस्टाईन’ काढून ‘जगातली लोकनृत्यं’ असं काही ठेवावं. मग मंडळाचं नाव देता येईल, आपलं लेझीम पथकही उतरवता येईल.

हे उत्तर मंडळाच्या वतीने गेलं आहे आणि बहुतेक सभासदांना त्याचा पत्ताही नाही, म्हणून हे पत्र सगळ्यांना लिहिते आहे. मंडळाने आपलं उत्तर मागे घ्यावं, आहे त्याच नावाच्या कार्यक्रमाला मदत करावी, अशी माझी विनंती आहे.

शोभत नाही हा मुद्दा मला उडवून लावायचा नाही. ज्या घरात माणूस गेलंय तिथे आपण रेडिओ लावत नाही, त्या वर्षी दिवाळीचा फराळही शेजाऱ्यांकडून येतो. गाझाच्या आरोग्य खात्याच्या हिशेबाने मृतांचा आकडा ७० हजारांच्या पुढे गेला आहे. अशा वेळी पायाने ठेका धरायचा हे मनाला टोचणारच. पण हा प्रश्न आपल्याआधी त्यांनाच पडलेला आहे. २०२३ च्या नाताळात बेथलेहेमने, खुद्द येशूच्या जन्मगावाने, झाड उभारलं नाही, रोषणाई केली नाही. तिथल्या लुथरन चर्चमध्ये बाळ येशूची मूर्ती गव्हाणीत न ठेवता दगडमातीच्या ढिगाऱ्यात, काफियात, म्हणजे पॅलेस्टिनी लोकांच्या चौकटीच्या रुमालात, गुंडाळून ठेवली होती. २०२४ चा नाताळही तसाच गेला. झाडावर पुन्हा दिवे लागले ते शस्त्रसंधी झाल्यावर, डिसेंबर २०२५ मध्ये. आपल्या शहरातल्या पॅलेस्टिनी पथकानेही कित्येक महिने सराव बंद ठेवला होता. त्यांच्यापैकी बऱ्याच जणांची रक्ताची माणसं तिकडेच आहेत. दुखवटा कसा पाळावा हे त्यांना आपण सांगावं, असं मला वाटत नाही.

त्यांनी पुन्हा सुरुवात का केली, हे समजून घ्यायला थोडं मागे जावं लागतं. ९ ऑगस्ट २०१८ ला गाझा शहरातलं सईद अल-मिशाल सांस्कृतिक केंद्र इस्रायली हवाई हल्ल्यात जमीनदोस्त झालं. हमास ती इमारत वापरत होती, असं इस्रायलचं म्हणणं होतं. पाच मजली इमारत होती. तिथे नाट्यगृह होतं, ग्रंथालय होतं, मुलांचे ‘दबके’ या तिथल्या लोकनृत्याचे वर्ग भरत होते. त्यानंतर तिथले कलाकार जमले ते त्या ढिगाऱ्यावरच, आणि वाद्यं घेऊन तिथेच गायले. पुढे २०२३ च्या नोव्हेंबरात रशाद शव्वा केंद्रही पडलं, ज्याच्या सभागृहात गाझाचे मोठे कार्यक्रम व्हायचे. पॅलेस्टिनी विचारवंत एडवर्ड सईद यांचं नाव असलेलं राष्ट्रीय संगीत विद्यालय १९९३ पासून चालतं. रामल्ला, जेरुसलेम, बेथलेहेम, नाब्लुस आणि गाझा इथे त्याच्या शाखा. २०२५ च्या ऑगस्टमध्ये गाझा शहर आणि परिसरात दुष्काळ पडल्याचं आंतरराष्ट्रीय तज्ज्ञांनी अधिकृतपणे जाहीर केलं. त्याच महिन्यात या विद्यालयाचे शिक्षक तंबूंत आणि पडक्या शाळेच्या खोल्यांत मुलांना गिटार, ऊद हे अरबी तंतुवाद्य आणि गाणं शिकवत होते. विस्थापितांच्या छावणीतल्या एका शिक्षकाने तर डोक्यावर घोंघावणाऱ्या ड्रोनच्या आवाजाचाच आधारस्वर धरून मुलांकडून गाणं गाऊन घेतलं. पोटात अन्न नसलेली मुलं तालमीला येत होती आणि त्यांचे आईबाप त्यांना पाठवत होते. हे सगळं माहीत असताना त्यांचं गाणं आणि त्यांचा शोक या दोन वेगळ्या गोष्टी आहेत असं मला म्हणवत नाही.

आपण तरी कधी वेगळं केलंय? २०१९ मध्ये कोल्हापूर-सांगली पाण्याखाली गेली तेव्हा याच मंडळाने भावगीतांचा कार्यक्रम ठेवून पैसे पाठवले. २०२५ च्या सप्टेंबरात मराठवाड्यात अतिवृष्टीने पिकं आणि जनावरं वाहून गेली, तेव्हाही तेच केलं. माणसं बुडाली आणि तुम्ही गाता काय, असं त्या वेळी कोणी विचारलं नाही. आणि ही पद्धत काही इंग्लंडला आल्यावर आपण उचललेली नाही. १९४३ च्या बंगालच्या दुष्काळात इप्टा या डाव्या विचारांच्या नाट्यसंघटनेची पथकं गाणी आणि नाच घेऊन गावोगाव फिरली आणि त्यातून उपाशी माणसांसाठी पैसा उभा केला. मुंबईच्या गिरणगावात अण्णाभाऊ साठ्यांनी त्या दुष्काळावर पोवाडा रचला. डफावर थाप पडली की कामगार आपल्या तुटपुंज्या पगारातून हात सैल सोडायचे. बंगाल त्यांच्यासाठी काही जवळ नव्हता.

आता दबकेविषयी. मंडळातल्या अनेकांनी तो नाच पाहिलेला नसेल आणि ‘नाचगाणी’ या एका शब्दात त्याची बोळवण झाली आहे याचं मला वाईट वाटतं.

रविवारी एका शाळेच्या व्यायामशाळेत इथल्या पॅलेस्टिनी पथकाचा सराव असतो, तिथे मी जाऊन बसते. दहाबारा जण हातात हात घट्ट अडकवून, खांद्याला खांदा लावून एका ओळीत उभे राहतात. उजव्या टोकाला असतो तो म्होरक्या. त्याला लव्वीह म्हणतात. तो हातातली मण्यांची माळ गरगर फिरवतो, मध्येच ओळ सोडून पुढे येतो, उडी घेतो, गिरकी घेऊन परत जागेवर जातो, पण तेवढ्या वेळात बाकीची ओळ तसूभरही हलता कामा नये. पावलांचा साचा सहाचा, शेवटी टाच जमिनीवर जोरात आपटायची. गाण्याचा ताल मात्र चारच्या हिशेबाने चाललेला असतो. म्हणजे पाऊल आणि ताल एकमेकांपासून सुटत जातात आणि बाराव्या मात्रेनंतर पुन्हा एकत्र येतात. तबल्यावर हात चालवणाऱ्या माणसाला यातली मजा लगेच कळेल. मला समजायला बराच वेळ लागला, आणि समजल्यावर मात्र ती टाच नेमकी कुठे पडते याकडेच कान लागून राहिला. साथीला दरबुका हे हाताने वाजवायचं तालवाद्य असतं, ऊद असतो आणि यरघूल असतो. यरघूल म्हणजे बोरूच्या दोन नळ्यांचं, पिपाणीसारखं फुंकून वाजवायचं वाद्य. एका नळीवर चाल, दुसऱ्या लांब नळीवर अखंड एकच सूर. वाजवणारे काका साठीच्या पुढचे आहेत. नाकाने श्वास घेत असतानाच गालात साठवलेली हवा ते आत ढकलत राहतात, त्यामुळे सूर कुठे तुटतच नाही. दहा मिनिटांनी त्यांनी यरघूल खाली ठेवला तेव्हा शर्ट पाठीला चिकटलेला होता.

या नाचाच्या जन्माची एक गोष्ट ते लोक सांगतात. गावातली घरं मातीच्या धाब्याची. पावसाळ्याआधी धाब्यावर नवी माती पसरायची आणि ती दाबून बसवायला शेजारपाजारचे सगळे वर चढायचे, ओळीने पाय आपटायचे, श्रम वाटू नयेत म्हणून गायचे. आपल्या खानदेश-मराठवाड्यात पांढऱ्या मातीची धाब्याची घरं ज्यांनी पाहिली आहेत, पावसाच्या तोंडावर वरची माती नीट केली नाही तर काय होतं हे ज्यांना माहीत आहे, त्यांना ही गोष्ट पटायला वेळ लागणार नाही.

त्या गावांपैकी पुष्कळशी आज नाहीत. १९४८ मध्ये सात लाखांहून जास्त पॅलेस्टिनी माणसं घरांना मुकली, चारशेहून जास्त गावं ओस पडली किंवा पाडली गेली. माणसं लेबनॉन, जॉर्डन, सीरिया, वेस्ट बँक, गाझा अशी पांगली. निर्वासितांच्या छावण्यांत शेजारी शेजारी राहूनही या गावच्या बायका आपल्या गावची गाणी आणि त्या गावच्या बायका त्यांच्या गावची, अशा वेगवेगळ्या राखत राहिल्या. थोब म्हणजे बायकांचे पायघोळ झगे, त्यांवरच्या भरतकामाचे नमुनेही तसेच. जेरुसलेमला १९३६ मध्ये नभोवाणी केंद्र सुरू झालं, ते ब्रिटिश सरकारने काढलेलं. त्यावर गाणारे-वाजवणारे १९४८ नंतर वाट फुटेल तिकडे गेले. नाब्लुसचा ऊदवादक रौही अल-खम्माश बगदादला जाऊन राहिला आणि त्याने इराकी संगीतकारांच्या पिढ्या घडवल्या. १९७९ मध्ये रामल्ला-अल-बिरेहच्या तरुणांनी अल-फुनून हे पथक काढलं, ते खेड्यापाड्यांतल्या म्हाताऱ्या माणसांकडून गाणी आणि पावलं गोळा करण्यासाठी. पहिल्या इंतिफादाच्या, म्हणजे इस्रायली ताब्याविरुद्धच्या उठावाच्या, काळात त्यांच्यातल्या अनेकांना तुरुंगात जावं लागलं.

म्हणून नावाचा आग्रह. हे सगळं ज्यांनी सांभाळलं त्यांनी ते पॅलेस्टाईनचं म्हणून सांभाळलं. दबके लेबनॉनमध्येही नाचतात, सीरिया आणि जॉर्डनमध्येही नाचतात, हे अगदी खरं. तरीही डिसेंबर २०२३ मध्ये, बॉम्बवर्षाव चालू असताना, युनेस्कोने मानवजातीच्या अमूर्त वारशाच्या यादीत पॅलेस्टाईनचा दबके घातला तो पॅलेस्टाईनच्या नावासकट. भरतकाम त्याआधी, २०२१ मध्ये, त्याच नावाने त्या यादीत गेलं होतं. संयुक्त राष्ट्रांच्या संस्थेला जे नाव लिहिता येतं ते आपल्या शहरातल्या एका सभागृहाच्या दारावर लिहायला आपण का बिचकावं?

‘राजकारण नको’, हे उत्तर मला ठाऊक आहे. आपल्यापैकी काहींच्या खिशात भारताचा पासपोर्ट आहे, काहींच्या ब्रिटनचा. भारताने १९७४ मध्ये पॅलेस्टाईन मुक्ती संघटनेला मान्यता दिली. अरब देशांबाहेर असं करणारा भारत पहिला. १९८८ मध्ये पॅलेस्टाईनला राष्ट्र म्हणून मान्यता दिली. ब्रिटनने ती २१ सप्टेंबर २०२५ रोजी दिली. ज्या देशाला आपली दोन्ही सरकारं देश म्हणतात त्याचं नाव घेणं म्हणजे कुठल्या पक्षाचा प्रचार नव्हे. मंडळाच्या चॅरिटी नोंदणीचीही भीती नको. धर्मादाय संस्थेने राजकीय पक्षाची तळी उचलू नये आणि आपला पैसा आपल्या उद्दिष्टांबाहेर खर्चू नये असं कायदा सांगतो. मंडळाच्या खात्यातला एक पेनीही इथे कोणी मागितलेला नाही. पातेली मागितली आहेत, ती घासून परत मिळतील.

आता एक नाजूक गोष्ट, जी कार्यकारिणीच्या उत्तरात लिहिलेली नाही, पण तिच्यामागे असावी असं मला वाटतं. आपल्या मंडळात बेने इस्रायली, म्हणजे मराठी ज्यू, घरं आहेत. अलिबागच्या बाजूची मुळं, घरात मराठी, आणि सख्खे नातेवाईक इस्रायलमधल्या लोद, अश्दोद, दिमोना इथे. ७ ऑक्टोबर २०२३ च्या हमासच्या हल्ल्यात सुमारे १२०० माणसं मारली गेली, अडीचशेवर माणसांना ओलीस नेलं. त्यानंतरच्या रात्री या घरांतून सतत फोन चालू होते. ते दुःख खरं आहे, ती भीती खरी आहे. त्यांच्यापैकी कोणाला या संध्याकाळी यावंसं वाटलं नाही तर त्याबद्दल कोणी चकार शब्द काढू नये, आणि मंडळाने तसं स्पष्ट सांगावं. त्यांच्यासाठी मंडळाने काही करायचं असेल तर मी पहिली उभी राहीन. पण त्यांना जपण्यासाठी दुसऱ्या लोकांचं नाव पुसावं लागतं, हे मला मान्य नाही. तसं त्यांनी मागितल्याचंही माझ्या ऐकण्यात नाही.

‘आपल्याकडे प्रश्न थोडे आहेत का?’ हाही सूर आहे. जुलै २०२५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयात गाझासाठी आझाद मैदानावर सभा घेण्याच्या परवानगीचा विषय आला, तेव्हा न्यायालयानेही देशातल्या प्रश्नांकडे बघा अशाच अर्थाचं ऐकवलं आणि याचिका फेटाळली. ऑगस्टमध्ये त्याच मैदानावर सभा झाली. मला या वादात सोलापूरचे डॉक्टर द्वारकानाथ कोटणीस आठवतात. १९३८ मध्ये, देश पारतंत्र्यात असताना, पाच भारतीय डॉक्टर चीनमधल्या जखमींसाठी निघाले. नागपूरचे डॉक्टर चोळकर त्यांच्यात होते आणि कोटणीसही. कोटणीस परत आले नाहीत, १९४२ मध्ये तिथेच गेले, वय ३२. त्यांना सोलापुरात रुग्ण मिळाले नसते का?

जी संस्था या संध्याकाळचा पैसा नेणार आहे तिची सुरुवातही एका डॉक्टरमुळेच झाली. डॉक्टर स्वी चाई अँग या अस्थिशल्यविशारद १९८२ मध्ये लंडनहून बैरुतच्या निर्वासित छावणीतल्या रुग्णालयात गेल्या. तिथल्या सब्रा-शतिला भागातलं पॅलेस्टिनी निर्वासितांचं हत्याकांड त्यांच्या डोळ्यांदेखत झालं. परत आल्यावर त्यांनी आणखी काही जणांसह १९८४ मध्ये मेडिकल एड फॉर पॅलेस्टिनियन्स ही संस्था उभी केली. ती इथली नोंदणीकृत चॅरिटी आहे, तिचे हिशेब कोणीही पाहू शकतं.

पैशाचं थोडक्यात सांगते. लंडनच्या वेम्बली अरीनात १७ सप्टेंबर २०२५ ला पॅलेस्टाईनसाठी मोठा संगीत कार्यक्रम झाला, त्यात १५ लाख पौंड जमले. आपलं सभागृह लहान, आकडा त्याच्या जवळपासही जाणार नाही. तिकिटाच्या रकमेवर साधारणपणे गिफ्ट एड मिळत नाही, कारण बदल्यात तुम्ही कार्यक्रम बघता आणि जेवता. वेगळी दिलेली देणगी मात्र गिफ्ट एडमध्ये बसते आणि करदात्याच्या प्रत्येक पौंडामागे संस्थेला सरकारकडून आणखी २५ पेन्स मिळतात. तेव्हा तिकिटाव्यतिरिक्त जे द्यायचं ते फॉर्म भरून द्या. ‘नुसते पैसे गोळा करा’ म्हणणाऱ्यांनी हेही लक्षात घ्यावं की बादली फिरवून जे मिळतं त्याच्या कितीतरी पट, दोन तास एकत्र बसून ऐकलेली माणसं देतात. पूरग्रस्तांच्या कार्यक्रमांत आपला अनुभव हाच आहे.

लेझीमबद्दल माझं मत कदाचित पथकातल्या मुलामुलींना आवडणार नाही. या कार्यक्रमात लेझीम नको, आणि मध्ये हिंदी गाण्यावरचा एखादा नाचही नको. पथक उत्तम आहे, पण मंचावर वेळ आहे जेमतेम दोन तास. त्यात एक ऊदचं एकल वादन आहे, बायकांची तरवीदा गाणी आहेत. कैदेत असलेल्या माणसांपर्यंत निरोप पोचवण्यासाठी शब्दांत जादा अक्षरं घुसडून बायका ही गाणी गात, असं सांगतात. मग लहान मुलांचा दबके, मग मोठ्यांचा. यातलं काय कापून आपली आठ मिनिटं काढायची? त्या दिवशी आपण समोर बसावं आणि ऐकावं. बयाती मकामात (मकाम म्हणजे आपल्या रागासारखं) एक स्वर असा लागतो की तो आपल्या कोमल आणि शुद्ध रिषभाच्या मधोमध पडतो. आपल्या गाणाऱ्या मंडळींनी त्यासाठी तरी यावं.

शाकाहारी मंडळींच्या जेवणाची सोय आहे. मुजद्दरा म्हणजे मसूर घालून केलेला भात, वर खमंग तळलेला कांदा, शिवाय कोशिंबीर आणि दही. बाकीच्यांसाठी मुसख्खन म्हणजे रोटीवर वाढलेलं चिकन, आणि शेवटी सगळ्यांना गोड म्हणून कुनाफा.

कार्यकारिणीची बैठक येत्या गुरुवारी आहे. त्यात हा विषय घ्यावा आणि आयोजकांना नवं उत्तर पाठवावं, ही विनंती. निरोप गटावर जावा, कार्यक्रमाच्या पूर्ण नावासह. पातेल्यांच्या कपाटाची किल्ली चिटणीसांकडे आहे. आदल्या दिवशी दुपारी गाडी घेऊन मी ती न्यायला येईन. वाढायला मी आहेच, आणखी पाच जण हवे आहेत. ज्यांना जमेल त्यांनी मला थेट कळवावं, मंडळाचा निर्णय काहीही झाला तरी.

कळावे, लोभ असावा.

आपली,
मंडळाची एक सभासद